पतनोंदही सत्यच हवी

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या कल्पनांतून हिंदू जीवनदृष्टीने एक संस्कार रुजविला : जे घेतले ते फेडावे. म्हणूनच कर्ज बुडविणे आपल्या समाजात लांच्छनास्पद मानले गेले. परंतु ज्याने पै न् पै फेडली त्याचे नाव थकबाकीदारांत राहावे, हेही लांच्छनच. फक्त ते कर्जदाराचे नसून वही लिहिणाऱ्याचे आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, तेव्हा त्यांचा रोष सावकारांच्या खतांवर आणि दस्तऐवजांवर होता. परिणामी १८७९ साली डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैसे भरल्याची पावती आणि खात्याचा हिशेब मागण्याचा हक्क त्याने कुळांना दिला.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे प्राचीन मंदिरांचे गाव. तेव्हा हा मुलूख निजामी अमलाखाली असल्याने त्या कायद्याचे छत्र येथे नव्हते. आज मात्र मुंबईकराला जो हक्क आहे, तोच चारठाण्याच्या शेतकऱ्याला आहे. प्रश्न तो वापरण्याचा आहे.

आजची वही संगणकात असते. २००० साली ‘सिबिल’ची स्थापना झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क या चार कंपन्यांकडे बँका आपल्या कर्जदारांची माहिती पाठवितात. या नोंदीवर केवळ घरकर्जच नव्हे, नोकरीही अवलंबून असू शकते. पतइतिहास वाईट असल्याच्या कारणावरून स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

पीककर्जासाठी बँकांनी सिबिलची अट घालू नये, अशी ताकीद मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये दिली. ते योग्यच झाले. तथापि, पीककर्जापलीकडे ट्रॅक्टर, दुकान, मुलीचे उच्चशिक्षण यांसाठी नोंद पाहिली जातेच. तिच्यातील चुका साध्या असतात. फेडलेले खाते चालू दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर येते. कधीकाळी कुणासाठी जामीन राहिलेल्या गृहस्थाला तर ती थकबाकी कर्ज मागायला गेल्यावरच कळते.

उपाय कठीण नाही. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. अहवालातील नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि प्रत्येक खाते ताडून पाहावे. चूक दिसल्यास कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करून पोच जपावी, सोबत कर्जफेडीचा दाखला जोडावा. बँकेच्या संमतीविना कंपनी नोंद बदलू शकत नाही, म्हणून दोन्ही दारे ठोठवावीत. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचे बंधन एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने दुरुस्ती नाकारली, तर तिला कारण कळवावे लागते. तरीही न्याय न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

येथे एक विवेक हवा. खरी थकबाकी पुसून टाकण्याचा हक्क कोणालाही नाही. पैसे घेऊन ‘सिबिल स्वच्छ करून देतो’ म्हणणारे दलाल नेमके हेच आमिष दाखवितात. त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, ती सामान्य माणसाला त्याच्या हक्कांची जाण यावी म्हणून. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ या कामाला दिली, दहा कुटुंबांचे अहवाल वाचून दिले, दोन अर्ज लिहून दिले, तर तीही समाजसेवाच ठरेल. ऋण फेडणे हा कर्जदाराचा धर्म, तर त्याची खरी नोंद ठेवणे हा धनकोचा. पहिला धर्म पाळणाऱ्याने दुसऱ्याचा आग्रह धरण्यात संकोच कसला?