पडून राहिलेला हीटर

भांडुप आणि मुलुंड यांच्यामधील नाहूर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांजवळ असल्यामुळे तेथील जानेवारीची पहाट दक्षिण मुंबईपेक्षा गार असते. तरीही तेथील मत्स्यपालकाला हीटर लागतो तो जेमतेम दोन महिने, आणि उरलेला काळ, पावसाळ्याच्या दमट हवेसह, तो कपाटात पडून असतो. जुन्या हीटरविषयीचे प्रचलित सल्ले थंड देशांतून आलेले असल्याने ते तो किती वर्षे चालला एवढेच विचारतात. मुंबईत मात्र तो किती पावसाळे पडून होता, हे आधी विचारले पाहिजे.

काचेच्या नळीतील हीटरमध्ये नायक्रोमची तार पाणी तापवते आणि द्विधातू पट्टी, म्हणजे तापताच वाकणारी दोन धातूंची जोडपट्टी, प्रवाह तोडते. तिचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी काळवंडतात, ओलाव्याने गंजतात आणि कधी वितळून एकमेकांना चिकटतात. मग हीटर बंद होतच नाही. 50 लिटरच्या टाकीत 100 वॅटचा हीटर असा चिकटला, तर बाहेर जाणारी उष्णता सोडल्यास पाणी तासाला सुमारे 1.7 अंशांनी तापते, म्हणजे घरातील माणसे उठण्यापूर्वीच मासे गेलेले असतात. येथे पाणी चार-पाच अंशच चढवायचे असल्याने झाकलेल्या मध्यम टाकीला लिटरमागे अर्धा वॅट बहुधा पुरतो. अधिक वॅटचा हीटर गळ्यात मारणारा विक्रेता ग्राहकाचे भले करत नाही.

दुसरा दोष माणसाच्या जिवावर बेततो. नळीच्या तोंडाचे रबरी सील कडक होऊन भेगाळले की पाणी आत शिरते व टाकीतील पाण्यात 230 व्होल्ट उतरू शकतात. एमसीबीला एवढी अल्प गळती कळत नाही. फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहात 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी हाच खरा उपाय. मात्र काचेच्या टाकीतील पाणी जमिनीपासून विलग असल्याने, ओल्या फरशीवर उभ्या माणसाचा हात पाण्यात जाईपर्यंत तिलाही काही कळत नाही, आणि पहिला झटका त्यालाच बसतो. पाण्यात टायटॅनियमची अर्थिंग-सळई असल्यास गळती आधीच उघड होते. आरसीसीबीवाचून मात्र ती सळई बसवू नये, कारण मग गळतीला कायमची वाट मिळते.

म्हणून डिसेंबरपूर्वी प्रत्येक जुना हीटर प्लास्टिकच्या बादलीत, खुणेपर्यंत बुडवून, स्वतंत्र तापमापकासह पूर्ण एक दिवस चालवून पाहावा. दिवा लागतो-विझतो एवढ्यावर विश्वासू नये, कारण दिवा पाण्याचे तापमान सांगत नाही. नळीत बाष्पाचे थेंब दिसले, सील चुरा होऊ लागले किंवा वायरचे आवरण तडकले, तर हीटर वायर कापूनच टाकून द्यावा. एम-सील लावून तो पुन्हा विकण्याची पद्धत दुकानदारांनी थांबवावी. पाणी बदलताना प्लग काढून, काच निवण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मगच पातळी उतरवावी.