‘बदली झाली’, पण केली कोणी?

इंग्रजीच्या पेपरातला ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न आपली मुलं डोळे मिटून सोडवतात. कर्म पुढे आणायचं, ‘वॉज’ लावायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लिहायचं, शेवटी ‘बाय’. गुण मिळतात. पण आपल्या घराबद्दल दोन वाक्यं लिहा म्हटलं की गाडी अडते. वडिलांच्या बदलीविषयी मूल लिहितं, ‘माय फादर्स ट्रान्स्फर इज हॅपन्ड’. आणि घरच्यांनी स्वखुशीने कळंबोलीत घर घेतलेलं असलं तरी लिहितं, ‘वुई आर शिफ्टेड टू कळंबोली’. जणू कुणी उचलून आणून ठेवलं!

उर्दू माध्यम असो की मराठी, चूक एकच, कारण तिचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. मराठीत ‘बदली झाली’, उर्दूत ‘तबादला हो गया’. बदली पावसासारखी येते, तिला करणारा कुणी नसतो. जपानी माणूसही ‘तेन्किन नि नात्ता’ म्हणतो, म्हणजे बदली झाली. त्यालाही इंग्रजीतला हा ‘वॉज’ वेगळा शिकावा लागतो.

‘ही वॉज ट्रान्स्फर्ड’ या वाक्यात कर्ता दिसत नाही, पण त्याची जागा रिकामी ठेवलेली असते. ‘बाय हूम?’ असं लगेच विचारता येतं. आपल्याकडे ‘बदली करण्यात आली’ किंवा ‘तबादला कर दिया गया’ असं म्हणता येतं, पण ती कागदावरची भाषा. तोंडात ‘झाली’च असतं.

हा प्रश्न गुणांपुरता राहत नाही, निदान पनवेल तालुक्यात तरी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. आज आपण सहज म्हणतो, ‘जमिनी गेल्या’. जमीन कुठे जाते? ती घेतली जाते. कुणी घेतली, कोणत्या कायद्याने, काय भावाने, हे सगळे प्रश्न ‘गेल्या’ या एका शब्दाखाली दडतात. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याबद्दलही ‘गोळीबार झाला’ आणि ‘पोलिसांनी गोळीबार केला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्या लढ्यातून आलेली साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजनाही ‘मिळाली’ नाही, ती मिळवली गेली.

इथला रोजचा शब्द पाहा : प्रकल्पग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला. विस्थापित, निर्वासित हेही तसेच, ज्याच्यावर क्रिया घडली त्याचे शब्द. याउलट ‘मुहाजिर’ हा अरबी शब्द कर्तरी आहे, हिजरत करणारा. इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडणारे लोक छळामुळेच निघाले होते, तरी भाषेने त्यांना कर्त्याच्या जागी बसवलं. दोन्ही प्रकारचे शब्द लागतात. एकात झालेला अन्याय दिसतो, दुसऱ्यात माणसाची हिंमत दिसते. कोणता कधी वापरायचा, हे मुलाला कळलं पाहिजे.

काही सहकारी म्हणतील, दहावीच्या मुलांना गुण हवेत, हे कशाला? पण गुणही याच वाटेने येतात. वाक्य फिरवण्याआधी मुलाला एवढंच विचारा : आपण गेलो, की आपल्याला नेलं? आपण गेलो तर ‘वुई मूव्ह्ड टू कळंबोली’. नेलं तर ‘वुई वेअर मूव्ह्ड’. आणि पुढे ठिकाण न लिहिता नुसतं ‘आय वॉज मूव्ह्ड’ लिहिलं, तर इंग्रज वाचक समजेल की तुमचं मन हेलावलं. हे सगळं सूत्र पाठ करून नाही कळत, अर्थ विचारला तरच कळतं.

शिवाय आपल्या वस्त्यांत नोटिसा येतात, आदेश येतात. ‘हटविण्यात येईल’, ‘स्थलांतरित करण्यात येत आहे’ अशीच त्यांची भाषा असते. पालकांना तो कागद बहुधा घरातलं शाळकरी मूलच वाचून दाखवतं. त्या मुलाने वाचता वाचता ‘कोण हटवणार? कुणाच्या आदेशाने?’ एवढं विचारलं आणि खालची सही नि कलम शोधलं, तर व्याकरणाचा तास कामी आला. म्हणून माझ्या शिक्षक भावा-बहिणींना विनंती आहे, पुढच्या तासाला पुस्तकातली वाक्यं थोडी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मुलाकडून एकच वाक्य लिहून घ्या : आमचं घर इथे कसं आलं?