अडीच मिनिटांचं राँगसाईड

शनिवारची सकाळ म्हणजे आमच्या सोसायटीत गेटवरच्या गप्पांची वेळ. कोणी दुधाची पिशवी घेऊन येताना, कोणी कुत्र्याला फिरवून आणताना पाच मिनिटं म्हणून थांबतो आणि अर्धा तास जातो. पाण्याचा टँकर, पार्किंग, बंद पडलेली लिफ्ट, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग... विषय ठरलेले. गेले तीन शनिवार मात्र एकच विषय चाललाय : तळमजल्यावरच्या काकांचा खुबा.

काका बँकेतून रिटायर झालेले, वय ७१. रोज सकाळी रस्ता ओलांडून समोर भाजी आणायला जातात. त्या दिवशीही गेटबाहेर येऊन थांबले, उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता म्हणून पाऊल टाकलं. आणि डावीकडून आलेल्या स्कूटरनं त्यांना आडवं केलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरातल्या घरात वॉकर घेऊन चालतात. काकू सारखं म्हणतात, "अहो, हे तर दहा वेळा बघून रस्ता ओलांडणारे!" खरं आहे काकू. काकांनी बघितलंच होतं. जिकडून गाडी यायला हवी तिकडे बघितलं होतं.

स्कूटरवाला कोण? शेजारच्याच सोसायटीतला, मुलीला क्लासहून आणायला निघालेला सभ्य माणूस. पळून गेला नाही. काकांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, पैसेही पुढे केले. त्यामुळे "हल्लीची पोरं कशा गाड्या चालवतात" हे आपलं तोंडपाठ भाषण इथे चालत नाही. चूक सभ्य माणसानं केली. आणि तीच चूक मी स्वतः चार वर्षं जवळजवळ रोज करत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जरा कडक लिहिणार आहे.

आमचा रस्ता असा : मध्ये डिव्हायडर, त्यामुळे गेटमधून फक्त डावीकडे वळता येतं. चौक आहे उजवीकडे, २५० मीटरवर. नियमानं जायचं तर डावीकडे वळा, पुढच्या कटमधून यू-टर्न घ्या आणि परत चौकात या. एकूण १३०० मीटर. म्हणजे १०५० मीटरचा फेरा. ताशी २५ किलोमीटरनं गेलं तरी अडीच मिनिटं जास्त लागतात. पेट्रोल म्हणाल तर लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला अडीच रुपयांच्या आत. अडीच मिनिटं आणि अडीच रुपये! एवढ्यासाठी आपण सगळे राँगसाईडनं जातो. मी ऑफिसात चहाच्या मशीनपुढे याहून जास्त वेळ उभा असतो.

आता गेटवरचे युक्तिवाद ऐका.

पहिला : "आपण कडेकडेनं, हळू जातो. काय होतंय?" अहो, चालणारा माणूस रस्त्यावर उतरतो तो कडेलाच ना? आणि हळू म्हणजे किती? तुम्ही २० नं चाललात आणि समोरून नियमानं येणारा ४० नं आला, तर एकमेकांकडे ६० च्या वेगानं येताय. त्याच दिशेनं जात असतात तर फरक २० चा होता. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो हे आपण अकरावी-बारावीत शिकलो. तिप्पट वेग, नऊपट जोर. "हळू" कुठे राहिलं?

दुसरा : "डिव्हायडर बंद करून ठेवलाय, चूक प्रशासनाची." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. एवढ्या लांब पट्ट्यात एकही कट नाही, झेब्रा क्रॉसिंग नाही, फुटपाथ मध्येच संपतो. पण मला सांगा, आपल्यापैकी किती जणांनी आजवर त्याबद्दल अर्ज दिला? एकानंही नाही! मी सॉफ्टवेअरवाला आहे, हा प्रकार ओळखतो. एकदा वर्कअराउंड सापडला की बगची तक्रार कोणी करत नाही आणि बग वर्षानुवर्षं तसाच राहतो. राँगसाईड हा आपला वर्कअराउंड. तो चालू आहे तोवर कट होणार नाही, कारण कटची गरज आहे हे कागदावर दिसतच नाही.

तिसरा, आणि गेल्या शनिवारी सर्वानुमते मंजूर झालेला : "गेटसमोर स्पीडब्रेकर टाका." स्पीडब्रेकर हे आपलं राष्ट्रीय औषध, कुठल्याही आजारावर चालतं! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता यावा. आपल्याकडे सहसा पडतो तो डांबराचा ढीग, पाठीचे मणके मोजणारा. पण तो मानकाप्रमाणे बांधला, तरी काकांना पाडणारी स्कूटर मुळात २० नंच चालली होती. ब्रेकरवरून ती अलगद उतरली असती आणि काकांना तशीच धडकली असती. प्रश्न वेगाचा नव्हता, दिशेचा होता.

रस्त्याचा नियम म्हणजे दोन अनोळखी माणसांमधला प्रोटोकॉल. तुम्ही कुठून येणार हे मला न विचारता कळतं, म्हणून मी पाऊल टाकतो. बाजू कुठली, याला तसा काही अर्थ नाही. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशानं डावी बाजू सोडून उजवी धरली. पाचला दहा मिनिटं असताना रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, सावकाश पलीकडच्या बाजूला गेल्या आणि पाचच्या ठोक्याला पुढे निघाल्या. बाजू बदलली तरी चाललं, कारण सगळ्यांनी मिळून एकाच वेळी बदलली. आपल्याकडे प्रत्येक जण स्वतःपुरती, स्वतःच्या वेळेला बदलतो आणि समोरच्याला कळवत नाही.

म्हणूनच मला राँगसाईड हे हेल्मेट न घालण्यापेक्षा वाईट वाटतं. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीवरून केवढं रण पेटलं होतं ते आठवत असेल. "माझं डोकं, माझी मर्जी" हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्यात निदान डोकं स्वतःचं पणाला लावलेलं असतं. राँगसाईडमध्ये मर्जी आपली आणि खुबा काकांचा. कायदाही याला किरकोळ समजत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी चालवणं हे 'धोकादायक वाहन चालवणं' यातच धरलं आहे. आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा सांगतो, २०२२ या एका वर्षात देशात अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. दिवसाला नव्वद काका-काकू-मुलं. सगळी राँगसाईडमुळे गेली असं मी म्हणत नाही. पण ती रस्त्यावर उतरली तेव्हा आपल्यासारख्याच कुणाच्या तरी भरवशावर उतरली होती.

आणखी एक गोष्ट, जी गेटवर कोणी बोलत नाही. डिलिव्हरीची पोरं उलटी येतात म्हणून आपण वॉचमनकडे तक्रार करतो. पण फोनवर त्यांना काय सांगतो? "अरे, तू समोरच दिसतोयस, पुढून कशाला फिरून येतो? इकडूनच ये ना!" मी स्वतः सांगितलंय. तो बिचारा मिनिटांवर पोट भरतो. आपण त्याला उलटं बोलावतो, वर त्याच्याच नावानं खडे फोडतो.

असो. गेले तीन आठवडे मी डावीकडे वळतोय. पहिल्या दिवशी मागच्यानं हॉर्न वाजवला, त्याला वाटलं मी रस्ता चुकलो. ऑफिसला एकदाही उशीर झालेला नाही. कट आणि झेब्रा क्रॉसिंगसाठीचा अर्ज लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय, काल रात्रीपर्यंत अकरा सह्या झाल्या होत्या. फ्लॅट चौसष्ट आहेत. ज्यांना स्पीडब्रेकर हवाय त्यांनीही आधी इथे सही करावी आणि गेटमधून निघताना डावीकडे वळावं.

परवा काकांना भेटायला गेलो होतो. म्हणाले, "चूक माझीच रे, आता यापुढे दोन्हीकडे बघत जाईन." मला काय बोलावं सुचेना. चूक काकांची नव्हती. ७१ वर्षांच्या माणसाला, त्यानं सगळं नीट केलेलं असताना, स्वतःला दोष द्यायला आपण लावलंय. पुढच्या शनिवारी गेटवर भेटलात तर आधी याचं उत्तर द्या, मग लिफ्टचं बोलू.