‘तुमचीच चूक’ हे लेखी द्या!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलवरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं, हे उद्दिष्ट मुळात २०३० सालचं होतं. ते सरकारनं २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल उसापासून होतं, त्यामुळे आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात या बातमीचं कौतुक झालं. ऊस आपला, कारखाना आपला, सगळं खरं. पण दारातली गाडीही आपलीच ना! मायलेज घटलं, जुन्या गाड्यांचे रबरी भाग लवकर खराब होणार, अशा तक्रारी सुरू झाल्या. मायलेज थोडं कमी होतं हे पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं, मात्र इंजिनाला धोका नाही असं सांगितलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या, ही याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. या पेट्रोलमुळे वॉरंटी नाकारली जाणार नाही, असा शब्द वाहन उत्पादकांच्या संघटनेनं दिला.

शब्द दिला हे चांगलंच झालं. पण आमच्या भिशीत एकीनं विचारलं, “अहो, हा शब्द आपल्या वर्कशॉपच्या काउंटरवर कोण पाळणार?” प्रश्न अगदी रास्त आहे. कारण इंजिन बंद पडलं की भांडण दिल्लीत होत नाही, ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होतं. आणि तिथं बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, “ही तुमची चूक आहे, वॉरंटीत बसत नाही.”

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं कर्ज काढून व्हॅन घेतली. शाळेची मुलं ने-आण करते. गाडी तिच्या नावावर, हप्ताही तिच्याच खात्यातून जातो. वॉरंटी संपायला सात महिने असताना भर रस्त्यात इंजिन जाम झालं. वर्कशॉपनं एक लाखाच्या वर खर्च सांगितला. कारण काय, तर “तुम्ही ऑइल वेळेवर बदललं नाही.” तिनं सर्व्हिसची बिलं दाखवली. एक सर्व्हिस सातशे किलोमीटर उशिरा झाली होती, बाकी सगळ्या वेळेत. तरी तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.”

बघा म्हणजे! गाडी हिची, कर्ज हिचं, पंधरा मुलांच्या आयांना फोन करून “उद्या व्हॅन येणार नाही” हे सांगायचं हिनं, आणि समजावून सांगायचं मिस्टरांना!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हटलं की जे तोंडी सांगताय ते कागदावर द्या. ऑइलमुळे इंजिन गेलं हे कुणी तपासलं? काय दिसलं? फोटो आहेत का? वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाकारताय? चार दिवस कागद मिळाला नाही. मग कंपनीला आणि विक्रेत्याला लेखी पत्र दिलं, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. महिन्याभरानं कंपनीनं सुट्या भागांचा खर्च उचलला, मजुरी हिला भरावी लागली. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यात भाड्याच्या गाडीवर गेलेले पैसे काही परत आले नाहीत. पण एक लाखाचं ओझं सतरा हजारांवर आलं.

यातून जे शिकण्यासारखं आहे ते असं. वॉरंटी म्हणजे ‘काहीही झालं तरी फुकट दुरुस्ती’ नव्हे. गाडीच्या घडणीत किंवा सुट्या भागात दोष असेल तर कंपनी तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देते. निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर देत नाही. सगळं भांडण या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. इंजिनाच्या आतले भाग एकमेकांवर सतत घासतात, मध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते टिकतात. तो थर गेला की भाग तापतात आणि जाम होतात. पण ऑइल का कमी पडलं? आपण बदललं नाही म्हणून, की ऑइलचा पंप बिघडला म्हणून? की मागच्या सर्व्हिसला त्यांच्याच माणसानं झाकण नीट लावलं नाही म्हणून? बाहेरून पाहता तिन्हींत इंजिन जामच दिसतं. म्हणून ‘ऑइल नव्हतं’ एवढं उत्तर पुरत नाही. का नव्हतं, ते सांगा.

आता कायद्याची बाजू. घडणीतच दोष आहे हे दाखवायची जबाबदारी बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्यावर येते, हे आधीच लक्षात ठेवा. म्हणून इंजिन उघडण्याआधी सावध व्हायचं. काढलेले जुने भाग भंगारात गेले की आपला पुरावाही गेला. ते भाग जपून ठेवा, असं जॉब कार्डवर लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची सोय आहे. तपासणीची फी आपल्याला भरावी लागू शकते, पण अहवाल तटस्थ असतो. फियाट गाडीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये हाच मार्ग दाखवला. गाडी तटस्थ तज्ज्ञाकडून तपासा आणि मूळचाच दोष निघाला तर ग्राहकाचे पैसे परत करा, असं सांगितलं.

दुसरा निकालही माहीत असावा, म्हणजे भलती आशा धरली जाणार नाही. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये कोर्टानं म्हटलं की वॉरंटीत बिघडलेला भाग बदलून देण्याची अट असेल तर तो भाग मागता येतो, पूर्ण नवी गाडी नाही. तेव्हा ‘नवीच गाडी द्या’ म्हणून अडून बसण्यापेक्षा इंजिनाची दुरुस्ती, झालेला खर्च आणि नुकसानभरपाई यांवर जोर द्यावा.

आपल्याला घरबसल्या करता येण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं मराठीत बोलता येतं. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच काम होतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असं नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायला हवा. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आणि “तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही” असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू असेल तर कायदा आपल्याला ग्राहकच मानतो.

काही जबाबदारी आपलीही आहेच. डॅशबोर्डवर चिरागाच्या आकाराचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. “घर जवळच आहे, पोचू” असं म्हणून चालवलेले चार किलोमीटर वॉरंटी घालवू शकतात. तापमानाचा काटा वर गेला तरी तेच. पावसाळ्यात पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असतं, जोर लावला की आतले दांडे वाकतात. हे नुकसान वॉरंटीत येत नाही आणि साध्या विम्यातही बहुधा येत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. विमा नूतनीकरणाच्या वेळी एवढं जरूर विचारा.

गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही मागतात. समाधान झालं नसेल तर तसं लिहूनच सही करा. सर्व्हिसची बिलं, जॉब कार्ड, विम्याची पॉलिसी, पेट्रोलच्या काही पावत्या एका फाईलमध्ये ठेवा. बिलाची शाई उडते, म्हणून मोबाइलमध्ये फोटोही काढा. पोरांच्या लसीकरणाचं कार्ड आपण वर्षानुवर्षं सांभाळतो, मग ही फाईल काय जड आहे?

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. त्या दिवशी बचत गटाच्या किंवा महिला मंडळाच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरच्या गाडीचं वॉरंटी पुस्तक आणावं आणि त्यातली ‘काय मिळणार नाही’ ही यादी मोठ्यानं वाचावी, असं मला वाटतं. फ्रीज, मिक्सर, मोबाइल यांचीही कार्डं बरोबर असू द्या. आमच्या मंडळानं यंदा हे ठरवलंय. तुमच्याकडे झालं तर जरूर कळवा.