ज्यांनी मत दिलं नाही, त्यांच्याशी

सत्तेवर येणाऱ्याचं पहिलं भाषण बहुधा आधीच ठाऊक असतं. पूर्वसूरींना वंदन, जनतेचे आभार, परमेश्वराचं स्मरण, एकजुटीची हाक आणि नव्या पर्वाची ग्वाही. अमेरिकेत १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी हा पायंडा पाडला. तिथली राज्यघटना अध्यक्षाला फक्त शपथ घ्यायला सांगते, भाषण करायला नाही. तरी प्रथा टिकली. या ठरीव भाषणांना नावं ठेवणं सोपं आहे. आम्हाला ती मोलाची वाटतात, कारण त्यांत एक जागा हरलेल्यांसाठी राखलेली असते.

४ मार्च १८६५. पावसानं राजधानीत चिखल झालेला. चार वर्षांचं यादवी युद्ध उत्तरेनं जवळजवळ जिंकलेलं. अशा वेळी विजयाची ललकारी कुणालाही सुचली असती. अध्यक्षपदाच्या आपल्या दुसऱ्या शपथविधीत अब्राहम लिंकन जेमतेम सातशे शब्द बोलले. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची करुणा भाकतात, असं ते म्हणाले. गुलामगिरीचं पाप त्यांनी एकट्या दक्षिणेच्या माथी मारलं नाही. युद्धाची शिक्षा दोघांच्याही वाट्याला आली, हे सांगितलं. शेवटी आकस सोडून देशाच्या जखमा बांधायची आणि सैनिकांच्या विधवांची, पोरक्या मुलांची काळजी घ्यायची विनवणी केली. त्याच संध्याकाळी, गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस व्हाइट हाउसवर गेले, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्यांना दारातच अडवलं. ते कसेबसे आत पोचल्यावर लिंकननी भर गर्दीत त्यांनाच विचारलं, भाषण कसं वाटलं? हा प्रयत्न पवित्र होता, असं डग्लस म्हणाले.

आपल्याकडे मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीत भाषण नसतं. राज्यपाल ‘मी’ म्हणतात, पुढचं शपथ घेणारा वाचतो. पण कुणाविषयी ममत्व वा आकस न बाळगता सर्वांना न्यायानं वागवण्याचं वचन आपल्या घटनेनं त्या शपथेतच घातलं आहे. शिवाजी पार्क असो की आझाद मैदान, एकामागून एक मंत्री ते भरभर वाचून जातात आणि घोषणांच्या गजरात ते विरून जातं. मग पत्रकारांसमोर पक्षश्रेष्ठींचे आभार, मित्रपक्षांचे आभार. विरोधात मत दिलेल्या गावाशी, वस्तीशी त्या दिवशी क्वचितच कुणी बोलतं.

निवडणुकीच्या वर्षी दिवाळीच्या फराळाला एकत्र बसलेल्या कितीतरी भावाभावांनी वेगवेगळ्या चिन्हांसमोरचं बटण दाबलेलं असेल. निवडून आलेल्यानं पहिल्याच दिवशी त्यातल्या दुसऱ्या भावाचं नाव घ्यावं, त्याचं कामही माझंच आहे असं माइकवर स्पष्ट सांगावं, एवढी आमची मागणी आहे.