सुरू होते आणि लगेच बंद पडते



पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या गाडीत भरून झालेल्या असतात. चावी फिरवताच इंजिन झटक्यात सुरू होते, घरच्यांना हायसे वाटते, आणि गाडी फाटकापाशी येते न येते तोच आचके देऊन गप्प बसते. पुन्हा चावी, पुन्हा तीच गत. उन्हे वर आली की कोथिंबीर माना टाकते आणि बाजारातला सकाळचा भाव हातचा जातो.

अशा वेळी बरेच जण आधी बॅटरीला दोष देतात. कोणी नवी बॅटरी आणतो, कोणी स्टार्टर खोलायला देतो. पण जरा विचार करा. इंजिन सुरू झाले, म्हणजे बॅटरीने व स्टार्टरने आपले काम चोख केले. दुखणे त्यानंतरचे आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे होऊ देऊ नका.

पवनेकाठचे पिंपळे सौदागर हे एकेकाळचे शेतीचे गाव आज उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. त्याच्या आसपासच्या कारखानदारीच्या पट्ट्यातूनच आपल्या खेड्यापाड्यांत धावलेल्या कितीतरी गाड्या आल्या. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटेडोर आठवा, किंवा टेल्कोची १९८६ साली आलेली ४०७ आठवा. पुढे २००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले आणि २००५ साली बजाज टेम्पोचे फोर्स मोटर्स. नावे बदलली, इंजिनात संगणक आला, तरी इंजिनाची भूक जुनीच राहिली. त्याला तेल हवे, हवा हवी, धूर बाहेर जायला वाट हवी, आणि पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी हवी. यातले एक तुटले की इंजिन बंद.

काय तुटले ते ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे अंक मोजणे. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मोठ्याने एक, दोन, तीन म्हणावे. किती अंकांवर इंजिन थांबले, यावर दुखण्याची जागा पुष्कळशी कळते.

चावी सोडताच बंद पडले तर. जुन्या पेट्रोल गाडीत चावीच्या स्विचमधले संपर्क झिजतात. काही गाड्यांत ठिणगीच्या कॉइलआधी एक रोधक बसवलेला असतो. स्टार्टर फिरताना वीज त्याला वळसा घालून जाते. चावी सोडली की त्याच्यातूनच जावी लागते. तो जळाला असेल तर चावी सोडताक्षणी ठिणगी जाते. हे काम विजेच्या मिस्त्रीचे. कार्बोरेटरला हात लावायचे कारण नाही.

दोन-तीन अंकांत बंद पडले तर. नव्या गाडीत चावीच्या मुठीत चोरीपासून संरक्षण करणारी चिप असते. गाडीने चावी ओळखली नाही, तर काही गाड्या सुरूच होत नाहीत. काही सुरू होऊन लगेच थांबतात. समोरच्या फलकावर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते का पाहा. जुडग्यातल्या इतर गाड्यांच्या चाव्या बाजूला काढा, घरातली दुसरी चावी लावून पाहा. चिन्ह नसेल तर कान द्या. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी ‘ऑन’ केली की टाकीतला पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो. मागच्या आसनाखालून तो आवाज आला नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासून घ्या. नळीत उरलेल्या दाबावर इंजिन क्षणभर चालते आणि थांबते.

अर्ध्या-एक मिनिटाने बंद पडले, आणि गाडी जुनी डिझेलची असेल तर. हे दुखणे तुमच्या ओळखीचे आहे. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की काय होते? रात्रीत पाइपातले पाणी खाली उतरते आणि सकाळी पंप हवा घेतो. इथेही तसेच. टाकीकडून येणाऱ्या नळीत कुठे सांधा सैल असला, तर इंजिन बंद असताना हवा आत शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. सकाळी इंजिन पंपात उरलेल्या डिझेलवर सुरू होते. ते संपले की हवेचे बुडबुडे येतात आणि कारभार आटोपतो. ही ओढीची नळी असल्याने बाहेर थेंबही न गळता आत हवा शिरू शकते. म्हणून जमीन कोरडी दिसली तरी सांधे, वॉशर आणि रबरी नळीच्या चिरा तपासा.

हवा काढायची तर इंजिन बंद ठेवून फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल. स्वच्छ धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रूही तसाच करा. मात्र हवा काढून दोन दिवसांनी तेच होऊ लागले, तर सांधा अजून सैलच आहे असे समजा.

पावसाळ्यात फिल्टरच्या तळचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाव तास ठेवा. पाणी जड, ते खाली बसेल. पाणी दिसले तर फिल्टर व टाकी दोन्ही साफ करायला हवीत.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या उसापासूनही ते तयार होते. ते पाणी धरते आणि जुन्या टाकीतला साठलेला मळही सोडवते. फार दिवस उभी असलेली जुनी पेट्रोल गाडी असे करू लागली, तर फिल्टर आधी बघा.

पाय दाबला की चालते, सोडला की बंद पडते. इथे मंद चालीची हवा बिघडली आहे. जुन्या गाडीत कार्बोरेटरचे बारीक छिद्र तुंबते. नव्या गाडीत हवेच्या झडपेवर काजळी धरते. हवेची एखादी रबरी नळी फाटली तरी हेच होते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदराने त्यात घरटे केलेले असते, वायरही कुरतडलेली असते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचे मातीचे घर नाही ना, तेही पाहा.

दहा-वीस मिनिटे चालून बंद, थोड्या विश्रांतीने पुन्हा सुरू. आधी टाकीचे झाकण सैल करा. फुस्स आवाज झाला आणि गाडी चालू लागली, तर टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. तेल बाहेर जाते तेवढी हवा आत आली नाही, तर ओढ बसून तेल थांबते. खर्च काही नाही, छिद्र साफ करा. तेवढ्याने भागले नाही, तर टाकीतला कचरा नळीच्या तोंडाशी येतो का, किंवा तापल्यावर कॉइल वा सेन्सर दगा देतो का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्या.

आता चार गोष्टी जिवाच्या. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालवून तपासणी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. पेट्रोलजवळ विडी-काडी नको. नव्या कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या नळ्या सैल करू नका. त्यातला दाब इतका प्रचंड असतो की बारीक धारही कातडीत शिरते. आणि अशी गाडी घाटात नेऊ नका. चालत्या गाडीत इंजिन थांबले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते. प्रसंग आलाच तर ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच जोराने दाबून धरावा आणि गाडी कडेला घ्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर पुन्हा अंक मोजा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि पैसे तिन्हींचे जातात. मिस्त्रीकडे जाताना वहीच्या पानावर लिहून न्या: किती अंकांवर बंद पडते, थंड असताना की तापल्यावर, कोणता दिवा लागतो, शेवटचे तेल कधी भरले. ‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगणाऱ्याचे इंजिन खोलले जाते. हे पान पुढे ठेवणाऱ्याची नळी आवळून काम होते.