नाणेटंचाई कोणाच्या सोयीची?

अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत नाणी दुर्मीळ होती, म्हणून तेथील लोहार नाल ठोकून मका घेई आणि चांभार जोड्यांच्या मोबदल्यात डुकराचे मांस, असे चित्र हौसेने रंगवले जाते. चित्र खोटे नाही. परंतु ही टंचाई अवर्षणासारखी आपोआप ओढवली होती, हा त्यातील गर्भितार्थ साफ खोटा आहे.

इंग्लंडने वसाहतींना पुरेशी नाणी दिली नाहीत. मॅसॅच्युसेट्सने १६५२ मध्ये काढलेली टांकसाळही पुढे बंद पडली. वेस्ट इंडीजच्या व्यापारात हाती येणारे स्पॅनिश डॉलर इंग्रजी मालाची देणी भागवण्यासाठी लंडनला जात. तो माल वसाहतीत बनू नये, याचीही तजवीज होती. १७३२ च्या कायद्याने टोप्या बनवणाऱ्या कारागिराला दोनांहून अधिक उमेदवार ठेवण्यास मनाई केली. १७५० च्या कायद्याने पोलादाच्या नव्या भट्ट्यांवर बंदी घातली. कच्चे लोखंड मात्र इंग्लंडात बिनजकात स्वीकारले जाई! ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चलाखीचे नवल वाटू नये.

१७४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील शेकडो शेतकऱ्यांनी व कारागिरांनी जमिनीच्या तारणावर नोटा काढणारी लँड बँक उभारली. कर्ज लोखंड, कातडे अशा स्थानिक मालानेही फेडता येणार होते. बॉस्टनच्या धनको व्यापाऱ्यांनी या नोटा नाकारल्या, गव्हर्नरने समर्थकांना पदांवरून दूर केले आणि १७४१ मध्ये लंडनच्या संसदेने बँकच बेकायदा ठरवली. कागदी चलन घसरते, हा आक्षेप न्यू इंग्लंडपुरता खरा होता. पण पेनसिल्व्हेनियाने १७२३ पासून जमिनीच्या तारणावर दिलेल्या नोटा बऱ्याच अंशी स्थिर राहिल्या होत्या. तरीही १७६४ च्या कायद्याने न्यू इंग्लंडवरील निर्बंध इतर वसाहतींनाही लागू झाले.

अर्थात वसाहतींतील सारेच पीडित नव्हते. व्हर्जिनियात तंबाखू हेच चलन होते. पाद्र्याचे वार्षिक वेतन सोळा हजार पौंड तंबाखू. १७३० च्या कायद्यानंतर गोदामाच्या पावत्याच पैशासारख्या फिरू लागल्या. ते चलन पिकवणाऱ्या गुलामाला त्यातले काही मिळत नसे; उलट त्याची स्वतःची किंमतही तंबाखूत करता येई. टोप्यांच्या धंद्यातून तर काळ्या माणसाला त्याच १७३२ च्या कायद्याने बाहेर ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर, १७८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली बंड करून उठले. पुढच्याच वर्षी तयार झालेल्या राज्यघटनेने राज्यांना कागदी चलन काढण्यास मनाई केली. या वेळी ती मनाई लंडनहून आलेली नव्हती.